पाच रात्री, दोन मुक्काम: आई-वडिलांसह सिंधुदुर्गचा किनारा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. जानेवारीच्या शेवटी पुण्याहून स्वतःच्या गाडीने निघायचं, सहा दिवस, पाच रात्री. बरोबर पत्नी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा. आईंचे गुडघे दुखतात आणि त्या माळकरी आहेत. बाकी सगळ्यांना मासे हवेत. यादीत विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला, रेडी आणि शेवटी पणजी. रोज रात्री वेगळं हॉटेल. शिवाय तिकडची वाइन कोणती घ्यावी, हेही विचारलंय. आणि या यादीतलं काय गाळलं तर चालेल, असं तुमचं म्हणणं.

मी कुडाळात राहतो आणि बाहेरून येणाऱ्या कुटुंबांच्या सहली आखून देणं हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे. त्या अनुभवावरून सांगतो, काय गाळायचं हा प्रश्न नंतर आपोआप सुटतो. आधी ठरवायचं ते हे, की रात्री पाठ कुठे टेकायची. ते ठरलं की अर्धी यादी आपसूक जागेवर बसते आणि उरलेली अर्धी पुढच्या खेपेसाठी राहते.

कारण या किनाऱ्याचा नकाशा फसवा आहे. सिंधुदुर्गाचा किनारा सगळा मिळून १२१ किलोमीटरचा. पुण्याच्या हिशेबाने एका दिवसात संपला पाहिजे. पण सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या दर थोड्या अंतरावर किनारा कापतात: वाघोटन, देवगडची खाडी, आचरा, कोळंब, कर्ली, मोचेमाड आणि अगदी दक्षिणेला तेरेखोल. प्रत्येक खाडीपाशी रस्त्याला आत वळून पूल गाठावा लागतो, मग पुन्हा बाहेर यावं लागतं. देवबागच्या टोकाला उभं राहिलं की कर्लीच्या मुखापलीकडे भोगवे समोर दिसतं. होडीने काही मिनिटांचं काम. गाडीने जायचं तर देवली-चिपीच्या पुलावरून परुळ्यामार्गे तासाभराचा फेरा. त्यात रस्ते गावांतून जाणारे, अरुंद, वळणांचे, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. ताशी तीस किलोमीटरचा हिशेब धरा, त्याहून जास्त धरू नका. रोज हॉटेल बदलायचं म्हणजे रोज सकाळी पाच माणसांच्या बॅगा भरायच्या, दहा वाजता निघायचं आणि दुपारचं ऊन गाडीत काढायचं. आईंच्या गुडघ्यांना समुद्रकिनाऱ्यापेक्षा या उठाठेवीचाच त्रास जास्त होईल.

म्हणून माझं सरळ मत असं: कर्ली नदीच्या दक्षिणेला एक मुक्काम, उत्तरेला एक. दोन रात्री वेंगुर्ला, तीन रात्री मालवणच्या बाजूला. विजयदुर्ग आणि पणजी या दोन्ही टोकांना या वेळी हात लावू नका. विजयदुर्ग बघण्यासारखा नाही असं मी मुळीच म्हणत नाही, उलट तो निवांत बघण्याचा किल्ला आहे. मालवणहून जाऊन-येऊन पूर्ण दिवस खातो, म्हणून नको. पणजीला तर स्वतंत्र सहल हवी.

कशावर काय अवलंबून आहे तेही सांगतो. तुम्ही दोघंच असता, तर भोगव्यात किंवा निवतीत तीन रात्री काढा म्हटलं असतं. तिथे शांतता आहे, पण चढ-उतार आहे आणि रात्री-अपरात्री डॉक्टर लागला तर लांब जावं लागतं. वयस्कर माणसं बरोबर असताना मी मालवण, कुडाळ किंवा वेंगुर्ल्यापासून अर्ध्या तासाच्या आतच मुक्काम ठेवतो. दुसरी गोष्ट वारांची. २६ जानेवारीला लागून सुट्ट्या आल्या की मालवण, तारकर्ली आणि देवबाग इतकं भरतं की देवबागच्या एकेरी रस्त्यावर गाड्या समोरासमोर अडकून बसतात. शनिवारी निघा. शनिवार-रविवार वेंगुर्ल्यात काढा, तिथे तेवढी झुंबड नसते. सोमवारी दुपारी मालवणकडे या, तोवर पुण्या-मुंबईच्या गाड्या परत निघालेल्या असतील. आणि तारखा थोड्या पुढे गेल्या, तर आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख आधी विचारून घ्या. ती देवीच्या कौलाने ठरते, बहुधा फेब्रुवारीत येते आणि त्या दिवसांत मालवण तालुक्यात खोली मिळत नाही. जत्रेलाच यायचं असेल तर गोष्ट वेगळी.

आता खोल्या. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान थेट किनाऱ्यावर आहे. त्याखेरीज देवबाग ते मालवण पट्ट्यात घराघरांतून ‘निवास व न्याहारी’च्या खोल्या आहेत. तुमच्यासाठी मी घरगुतीच सुचवेन, त्याचं कारण पुढे जेवणाच्या भागात येईल. पण समुद्र दिसणारी खोली पाहिजे हा हट्ट सोडा. समुद्र दिसणाऱ्या खोल्या बहुतेक वरच्या मजल्यावर असतात आणि जिने चिंचोळे असतात. तळमजल्याची खोली मागा. फोनवर चार गोष्टी स्पष्ट विचारा: खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत, कमोड आहे का, वीज गेली तर पंखा चालतो का, आणि गाडी दारापर्यंत येते की वाळूतून चालावं लागतं. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. मऊ वाळूत शंभर पावलं चालणं दुखऱ्या गुडघ्यांना डांबरी रस्त्यावरच्या किलोमीटरपेक्षा जड जातं. देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी अशी चिंचोळी पट्टी. तिथे राहणार असाल तर नदीच्या बाजूचं घर घ्या. पाणी संथ, झावळ्यांची सावली, आणि आई दिवसभर व्हरांड्यात बसून होड्या बघू शकतील.

वाटेचा क्रम असा ठेवा. पुण्याहून पहाटे निघून कोल्हापूर, आंबोलीमार्गे सावंतवाडीत उतरायचं. संध्याकाळी मोती तलावाकाठी पाय मोकळे करा, चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळं बघा, मग पुढे वेंगुर्ल्याला मुक्कामी जा. राजवाड्यातली गंजिफा बघायला वेळ उरला तर उत्तमच. हातांनी रंगवलेले हे गोल पत्ते जवळजवळ संपल्यात जमा होते. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी केली आणि आजही तिथे कारागीर बसून रंगवताना दिसतात. मुलाला मोबाईल विसरायला लावणारी जागा आहे.

दुसरा दिवस वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला. आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. देवाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा. शिरोड्याला मिठागरं लागतात. मे १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला. जानेवारीत मिठागरात काम चालू असेल तर बांधावर उभं राहून थोडा वेळ बघा, मुलाला शाळेतला धडा डोळ्यांसमोर दिसेल. रेडीचा द्विभुज गणपती १९७६ साली खाणीच्या परिसरात सापडला. आईंना ते देऊळ आवडेल. तिथून तेरेखोल किल्ला जवळ आहे. नदीच्या उत्तरेला असूनही हा तुकडा गोव्याचा, त्यामुळे रेडीकडून फेरी न ओलांडता गाडीने थेट जाता येतं. सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला आणि आत संत अँथनीचं चर्च उभं राहिलं. वरून खाली नदी समुद्राला मिळताना दिसते, पलीकडे केरीचा किनारा. गोव्याची एवढी झलक या वेळी पुरे.

तिसऱ्या दिवशी सकाळी वेंगुर्ल्याच्या बाजारात चक्कर मारा आणि काजू इथेच घ्या. इथल्या फळ संशोधन केंद्राने काढलेली वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही काजूची वाणं कोकणभर लावली जातात. मग कुडाळकडे निघा. वाटेत पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगणं) आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा सांभाळणारं घर-संग्रहालय आहे. ते उभं करणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आधी फोन करून गेलात तर खेळ दाखवतात. कुडाळहून मालवणला जाताना नेहमीच्या रस्त्याऐवजी धामापूरचा रस्ता धरा. तिथला तलाव १५३० साली बांधलेला, काठावर भगवतीचं देऊळ. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. दुपारची विश्रांती त्या काठावर घ्या.

आता जेवण. यासाठीच तुम्ही येताय, तर जरा सविस्तर सांगतो.

मालवणात पाटी वाचून मासे मागवू नका. पाटीवर सुरमई आणि पापलेट बारा महिने लिहिलेलं असतं, कारण बाहेरचा माणूस तेवढंच मागतो. मागणी आहे म्हणून ते बर्फातलंही चालून जातं. तुम्ही आत गेल्यावर ‘आज खंयचे मासे इले?’ (आज कोणते मासे आले?) असं विचारा. उत्तर देणारा माणूस क्षणभर थांबून विचार करून सांगत असेल तर ती खानावळ चांगली समजा. जानेवारीत बांगडा मिळाला तर नाक मुरडू नका. ताज्या बांगड्याचं तिरफळं घातलेलं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात, याच्यापुढे मला तरी शिळी सुरमई नको. मुडदुशे, सौंदाळे, लेपो ही नावं कानावर आली तर तेच घ्या. तळलेले मुडदुशे मुलं काटे न मोजता खातात. तिसऱ्यांचं सुकं आणि कालवं मिळाली तर जरूर. कुर्ल्या अमावास्येच्या आसपास भरलेल्या असतात असं आमच्याकडे मानतात, तिथी जुळत असेल तर त्या दिवशी सांगून ठेवा. मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, मटण हा प्रकार सगळ्यांना रुचत नाही, आधी एक वाटी मागवून बघा. थाळीची किंमत माशागणिक बदलते, म्हणून बसण्याआधी भाव विचारण्यात काहीच गैर नाही.

कोंबडी-वडे मात्र हॉटेलात घाईने खाण्याचा पदार्थ नव्हे. वडे तव्यासारखे गरम असताना आणि रस्सा घरच्या वाटपाचा असतानाच त्यांची खरी चव येते. ते घरगुती निवासात आदल्या रात्री सांगून करून घ्या. सोमवारी अनेक घरांत मासे-मटण शिजत नाही, हेही लक्षात असू द्या. तुम्ही सोमवारीच मालवणला पोचणार, म्हणून आधीच विचारा.

आईंबद्दल तुम्ही काळजीने लिहिलंय, ‘त्यांनी तिथे काय खायचं?’ त्यांच्यासाठी मी सगळ्यात निश्चिंत आहे. मालवणी शाकाहाराची गोष्ट बाहेर कुणी सांगत नाही, पण काळ्या वाटाण्यांची उसळ आणि आंबोळ्या, खोबऱ्याच्या चटणीबरोबर घावणे, गूळ-नारळाच्या रसातल्या शिरवाळ्या, अळूचं फदफदं, सकाळची उकड्या तांदळाची पेज, वर सोलकढी, एवढं असताना कुणी उपाशी राहत नाही. ओल्या काजूची उसळ जानेवारीअखेर नुकती सुरू होत असते, मिळाली तर नशीब. खरी अडचण तव्याची आणि तेलाची आहे. मोठ्या हॉटेलात ज्या कढईत सुरमई तळली त्याच तेलात भजी पडतात आणि वाढणाऱ्याला ते माहीतही नसतं. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या बाईला हे चालणार नाही, आणि ‘शाकाहारी आहेत’ एवढं सांगून भागणार नाही. म्हणून घरगुती निवास. खोली ठरवताना घरातल्या बाईंशीच बोला आणि ‘आई माळकरी आहेत, त्यांचं वेगळ्या भांड्यात होईल का?’ असं विचारा. इथे वारकरी घरं पुष्कळ आहेत. माळकरी म्हटल्यावर पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही. बहुतेक ठिकाणी त्यांचं ताट सगळ्यांच्या आधी, सोवळ्याने होतं. आणि ज्या घरात ‘बघू, करू’ असं उत्तर मिळेल, ते घर सोडून द्या.

वाइनचं उत्तर छोटं आहे. या किनाऱ्याला द्राक्षं नाहीत, त्यामुळे ‘तिथली’ वाइन असा प्रकार नाही. महाराष्ट्राची वाइन नाशिककडची. माशांबरोबर घ्यायची असेल तर तिकडची कोरडी पांढरी घ्या, सॉव्हिन्यॉं ब्लां किंवा शेनिन ब्लां, आणि चांगली गार करून. तळलेल्या माशांबरोबर ती छान जाते. लाल वाइन मात्र मालवणी मसाल्याबरोबर नको. मिरची आणि तिरफळांमुळे तिचा तुरटपणा आणखी वाढतो आणि दोन्हीची चव जाते. कुडाळ, मालवण, सावंतवाडीत परवान्याची दुकानं आहेत. पण बहुतेक घरगुती निवासांत पिणं चालत नाही, आणि आई बरोबर असताना तुम्हालाही ते प्रशस्त वाटणार नाही. परवाना असलेल्या हॉटेलात एखादी संध्याकाळ दोघांनी जा.

या मातीचं पेय म्हणाल तर ते काजूचं. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, तुडवून काढलेला रस आंबवून पहिल्या धारेला उर्राक होतं आणि पुन्हा गाळलं की फेणी. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उर्राक मात्र मार्च ते मेमधलंच, जानेवारीत कुणी ‘ताजं उर्राक’ म्हणून दिलं तर घेऊ नका. फेणी चाखायची असेल तर तेरेखोलला गोव्याच्या हद्दीतच चाखा, आणि गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवा. बाटली मात्र परत आणू नका. ‘गोवा बनावटीची दारू’ महाराष्ट्रात बाळगणं गुन्हा आहे, सीमेवर गाड्या तपासतात आणि गाडीसुद्धा जप्त होते. आई-बाबांना घेऊन तपासणी नाक्यावर उभं राहायची वेळ येऊ देऊ नका.

उरले मालवणचे दोन दिवस, आणि त्यांचं वेळापत्रक समुद्राकडून घ्यायचं. कालनिर्णय बरोबर ठेवा. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब आहे. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती आणि ओहोटी संध्याकाळी पाचच्या पुढे. कर्लीच्या मुखाशी जे ‘त्सुनामी बेट’ दाखवतात, तो वाळूचा दांडा आहे आणि ओहोटीलाच त्यावर नीट उभं राहता येतं. तिथी न बघता गेलेली माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून परत येतात. देवबागच्या संगमावर, विशेषतः पाणी ओसरत असताना, कुणीही पोहायला उतरू नये. वरून संथ दिसतं, पण नदी आणि ओहोटी मिळून माणसाला बाहेर ओढतात. मुलाला तिथे हात धरूनच ठेवा. त्याला समुद्रात खेळायचं असेल तर तारकर्लीचा लांब किनारा आहे, सकाळी तिथे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना दिसली तर त्यालाही दोर धरायला देतील.

सिंधुदुर्ग किल्ल्याला सकाळी पहिल्या होड्यांतूनच जा. दुपारनंतर वारा वाढतो, होडी हलते, आणि आईंना अवघड आहे ते किल्ल्यावर चालणं नसून होडीत चढणं-उतरणं. नावाड्याला आधी सांगा, तो हात देतो. आत शिवराजेश्वर मंदिरापर्यंतची वाट फारशी चढाची नाही. राजाराम महाराजांच्या काळातलं हे देऊळ. शिवाजी महाराजांच्या हाता-पायांचे ठसे, खाऱ्या पाण्याने वेढलेल्या खडकात गोड पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी, हे सगळं आई-बाबांना जमेल. तटावर तुम्ही आणि मुलगा चढा. बांधकाम १६६४ ते १६६७ या काळातलं. महाद्वार समोरून येणाऱ्याला कळणार नाही अशा रीतीने बुरुजांच्या आड ठेवलंय, ते मुलाला होडीतूनच शोधायला सांगा. होडीवाले साधारण तासभर थांबतात. तुम्हाला जास्त लागेल, तर चढण्याआधीच ठरवून घ्या. स्कूबा तुम्ही दोघं करा, रक्तदाब किंवा दमा नसेल तर. नऊ वर्षांच्या मुलाला मी अजून नाही पाठवणार.

परतीच्या दिवशी मालवणहून आचऱ्यामार्गे कुणकेश्वर करा. समुद्रालगतचं ते शंकराचं देऊळ आईंच्या सहलीतला मोठा दिवस ठरेल. पुढे देवगड-निपाणी रस्त्याने फोंडाघाट चढून निपाणीला महामार्ग लागतो. सकाळी सातला मालवण सोडलंत तरच हे जमेल. उशीर झाला तर कोल्हापुरात रात्र काढा, पण घाट अंधारात चढू नका.

खोल्या ठरवण्याआधी निघायची तारीख आणि त्या दिवसाची तिथी मला कळवा. मग किल्ला चौथ्या दिवशी की पाचव्या, आणि खाडीची फेरी सकाळी की संध्याकाळी, ते नक्की सांगतो.